खडीसाखर आणि आनंदाचा रेणू

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं गणित मांडलेलं आहे, आणि ते शब्दशः गणितच आहे. आधी एकक ठरवलंय. एक तरुण घ्या. सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा. धनधान्याने भरलेली अख्खी पृथ्वी त्याच्या मालकीची आहे असं समजा. त्याला जो होईल तो एक मानुष आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, मग पितर, मग देवांचे तीन वर्ग, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि सर्वांत वर ब्रह्मा. दहा पायऱ्या आणि दर पायरीला शंभराने गुणाकार. म्हणजे एकावर वीस शून्यं. या शिडीवर उपनिषद दर पायरीला एक शेरा मारत जातं: ज्या श्रोत्रियाला, म्हणजे वेद जाणणाऱ्याला, वासनेने पछाडलेलं नाही त्यालाही हा आनंद असतोच. इंद्राला इंद्रपद मिळवावं लागतं, या गृहस्थाला काहीच मिळवावं लागत नाही.

हे मोजमाप कोणी प्रयोगशाळेत करायला घेईल असं त्या ऋषींना वाटलं असण्याची शक्यता नाही. पण १९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एका गटाने मेंदूतून एक चरबीसारखा रेणू वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’. नाव संस्कृतवरून, ते जाणूनबुजून. रेणू सापडला होता डुकराच्या मेंदूत, तोही जेरुसलेमसारख्या गावात.

त्याची गोष्ट गांजापासून सुरू होते. राफाएल मेशुलम हा तरुण रसायनशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत काम करत होता. पोलिसांनी पकडलेला पाच किलो लेबनीज हशीश त्याने मागून घेतला आणि पिशवीत घालून चक्क बसने संस्थेत आणला. हा कसला वास येतोय म्हणून उतारू एकमेकांना विचारत होते. १९६४ मध्ये मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजाच्या नशेचं मूळ असलेलं द्रव्य, टीएचसी, शुद्ध करून त्याची रचना सांगितली. भांग-गांजा हजारो वर्षं ओळखणाऱ्या आपल्या देशात हे काम व्हायला हरकत नव्हती, पण झालं नाही. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांना उंदराच्या मेंदूत टीएचसीसारखी द्रव्यं जिथे जाऊन चिकटतात ती जागा सापडली. १९९० मध्ये त्या प्रथिनाचा जनुकही हाती आला. हा सीबी-१ रिसेप्टर. मेंदूने तो काही गांजाच्या झाडासाठी राखून ठेवलेला नसणार. शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असलं पाहिजे. डेव्हेन जेरुसलेमला मेशुलमकडे आला, लुमीर हानुश हा चेक रसायनशास्त्रज्ञही तिथे होता, आणि ते ‘काहीतरी’ सापडलं.

आनंदामाइड हा स्निग्ध रेणू आहे. त्यामुळे त्याची वागणूक मेंदूतल्या इतर निरोप्यांपेक्षा वेगळी. डोपामाइन, सेरोटोनिन वगैरे मंडळी पाण्यात विरघळतात. चेतापेशी त्यांना इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवते आणि वेळ आली की सोडते. चरबी अशी पिशवीत कोंडता येत नाही. म्हणून पेशी गरज पडेल तेव्हा स्वतःच्या पटलातली मेदद्रव्यं तोडून आनंदामाइड तिथल्या तिथे बनवते, आणि एफएएएच नावाचं एन्झाइम काही मिनिटांत त्याची वाट लावतं. सीबी-१ हे प्रथिन पेशीपटलात सात वेळा आरपार विणलेलं आहे. २०१६ मध्ये त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की रेणू बसण्याची खोबण बाहेरच्या बाजूने बरीचशी झाकलेली आहे. स्निग्ध रेणू समोरून न येता पटलाच्या आतून, बाजूने शिरत असावा, असं मानलं जातं.

या निरोपाची दिशाही उलटी. चेतापेशींमध्ये निरोप साधारणपणे पाठवणाऱ्या पेशीकडून घेणाऱ्या पेशीकडे जातो. शरीरातल्या या गांजासदृश रेणूंचा निरोप मात्र घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे परत जातो. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला ‘जरा दमाने’ म्हणावं तसा. भीती, वेदना, भूक, आठवण अशा सगळ्या ठिकाणी हा लगाम लागतो. सीबी-१ जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचे प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका ठरावीक आवाजानंतर धक्का बसतो हे हे उंदीर इतरांसारखेच शिकले. नंतर धक्का बंद झाला, पण आवाजाचं भय त्यांच्या मनातून नीट जाईना. त्याआधी नवजात पिलांवर प्रयोग झाला होता. पहिल्याच दिवशी सीबी-१ अडवणारं द्रव्य दिलेली पिलं आईच्या दुधाला लागली नाहीत आणि काही दिवसांत मेली.

मग माणसात हा रिसेप्टर बंद केला तर काय होईल? प्रयोग म्हणून कोणी हे केलं नसतं, पण औषध म्हणून झालं. गांजा ओढल्यावर भूक खवळते, तर तोच रिसेप्टर अडवून भूक मारावी, असा साधा हिशेब होता. रिमोनाबँट हे वजन उतरवणारं औषध २००६ मध्ये युरोपात विक्रीला आलं. वजन चार-पाच किलोंनी उतरतही होतं. पण नैराश्य, चिंता, झोप उडणं अशा तक्रारी जवळपास दुपटीने वाढल्या. अमेरिकेच्या सल्लागार समितीने २००७ मध्ये एकमताने नकार दिला. एका मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्या गटात चार आत्महत्या झाल्या आणि नकली गोळी घेणाऱ्या गटात एक. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००८ मध्ये युरोपात औषधाची विक्री थांबवली गेली आणि २००९ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली.

खोबण बुजवली की जगण्याची गोडी जाते. मग आनंद म्हणजे ती खोबण भरण्यापलीकडे दुसरं काय उरलं?

हा प्रश्न नवा नाही. चार्वाकांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता, तोही नशेचंच उदाहरण देऊन: मद्याच्या घटकांपैकी कशातही सुटी मादकता नसते, ते एकत्र आंबले की ती उपजते; चार भूतांच्या मिश्रणातून जाणीव उपजते ती अशीच. देह आहे तोवर जाणीव आहे, देह नाही तर जाणीव नाही, म्हणून जाणीव देहाचाच धर्म. रिमोनाबँटची कहाणी चार्वाकाच्या हाती पडती तर त्याने ती आनंदाने वापरली असती.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात या पक्षाला उत्तर दिलंय, आणि ते श्रद्धेचं आवाहन नाही, तर्काचं आहे. दिवा असला की दिसतं, नसला की दिसत नाही. म्हणून पाहणं हा दिव्याचा धर्म ठरत नाही. दिवा साधन आहे. देहही तसं साधन असू शकेल. ‘असला तर आहे, नसला तर नाही’ एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद आजही तितकाच धारदार आहे. औषध घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना नैराश्य आलं नाही, ही गोष्टही घाईघाईने समीकरण मांडणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पण आचार्यांच्या उत्तरातून देहापलीकडे काही आहे हे सिद्ध होत नाही. तशी शक्यता शिल्लक राहते, इतकंच. या वादात रेणू साक्ष देऊ शकत नाही, कारण दोन्ही पक्षांना त्याची साक्ष सारखीच मान्य आहे. आनंदामाइडमुळे उपनिषद खरं ठरलं म्हणून नाचणारे आणि त्यानेच ते खोटं पडलं म्हणणारे, दोघेही त्या रेणूवर नको तेवढा भार टाकतात. त्यातून शंकराचार्यांच्या अंतिम मताप्रमाणे उपनिषदातला ‘आनंदमय’ हाही एक कोशच, म्हणजे आवरणच, ब्रह्म त्याच्या पलीकडे. रामानुजांना ते मान्य नाही. त्यांच्या मते आनंदमय हेच ब्रह्म. कोशाचं रसायन सापडलं म्हणून अद्वैत्याची झोप उडण्याचं कारण नाही.

साक्ष उपयोगी पडते ती दुसऱ्याच एका वादात. सुख म्हणजे नुसता दुःखाचा अभाव, की त्याला स्वतःचं काही अस्तित्व आहे?

न्यायदर्शनाच्या मते मोक्ष म्हणजे दुःखापासून कायमची सुटका, बस्स. तिथे नित्य सुख असतं या मताचं वात्स्यायनाने भाष्यात मुद्दाम खंडन केलंय. असला मोक्ष म्हणजे दगड होणं, असा टोमणा पुढे श्रीहर्षाने नैषधीयचरितात मारला. भर्तृहरीही वैराग्याच्या भरात म्हणतो की तहानेवर पाणी आणि भुकेवर भात हे रोगावरचे उपाय आहेत, लोक उगाच त्यांना सुख समजतात.

दुःखाचा अभाव कसा असतो याचं एक जिवंत उदाहरण २०१९ मध्ये वैद्यकीय साहित्यात आलं. स्कॉटलंडमधल्या, साठी ओलांडलेल्या एका बाईंच्या हाताची शस्त्रक्रिया झाली. एरवी ती अतिशय वेदनादायक. यांना नंतर वेदनाशामकाची गरजच भासेना. चौकशीत कळलं की बाळंतपणातही फारसं दुखलं नव्हतं आणि हात भाजला तर मांस करपल्याचा वास आल्यावर कळायचं. काळजीचं नाव नाही, भीती नाही. जखमा भराभर भरतात. विसराळूपणा मात्र भरपूर. बोलता बोलता शब्द हरवतो, वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. तपासणीत आनंदामाइडचा नाश करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात आणि त्याच्या शेजारच्या भागात बदल आढळले. रक्तात आनंदामाइड लक्षणीय जास्त. त्या दगड झाल्या नव्हत्या, चांगल्या हसतमुख होत्या. पण चटका कळत नसलेल्या मोक्षाला स्वयंपाकघरात सोबत लागते, हेही खरं.

हीच अवस्था गोळीने आणायचे प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये रेन इथे जानेवारी २०१६ मध्ये एफएएएच अडवणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि आणखी काहींना रुग्णालयात हलवावं लागलं. त्या औषधाने इतर एन्झाइमांनाही धक्का लावला असावा, असा नंतरच्या तपासाचा रोख आहे. त्याच वर्गातली दुसरी औषधं सुरक्षित निघाली, पण त्यांतल्या एकाचा गुडघेदुखीवर उपयोग झाला नाही.

भर्तृहरीचं ते मत टिळकांनी गीतारहस्याच्या ‘सुखदुःखविवेक’ प्रकरणात तपासायला घेतलंय. मंडालेच्या तुरुंगात बसून, वेदान्त आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्र दोन्ही समोर ठेवून. लहान मुलाच्या तोंडात अचानक खडीसाखरेचा खडा टाकला तर त्याला सुख होतं. आता त्या मुलाला आधी खडीसाखरेची तहान लागली होती असं म्हणता येईल का? नाही. म्हणून सुख आणि दुःख या दोन स्वतंत्र वेदना, म्हणजे जाणिवा, आहेत, एकीचा अभाव म्हणजे दुसरी नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

२००७ मध्ये अमेरिकेत केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग जवळपास या खडीसाखरेचाच आहे. उंदराच्या तोंडात नळीने थेट साखरेचं पाणी सोडायचं. उंदराने मागायचं नाही, शोधायचं नाही. गोड आवडलं की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो, तान्ह्या बाळासारखा. कडू क्विनीन सोडलं तर आ वासतो, डोकं झटकतो. हे सगळं चित्रित करून मोजायचं. मेंदूतल्या न्यूक्लिअस अक्युम्बन्स नावाच्या केंद्राच्या कवचात आनंदामाइडचा इवलासा थेंब सोडल्यावर साखरेच्या पाण्यावरचं ते चाटणं दुपटीच्या घरात गेलं. क्विनीनवरचा तिटकारा होता तिथेच राहिला.

म्हणजे गोडाची गोडी वाढली, कडवटपणा कमी झाला नाही. सुख हे दुःखाच्या वजाबाकीतून निघत असतं तर दोन्ही आकडे एकदम हलायला हवे होते. उंदराच्या जिभेपुरता का होईना, इथे निकाल टिळकांच्या बाजूने लागतो आणि भर्तृहरीच्या विरुद्ध. न्यायाचा मोक्ष यातून अशक्य ठरत नाही. पण त्याला सुखाचा कळस म्हणायचं असेल तर आणखी काहीतरी पुरावा द्यावा लागेल.

राहता राहिला तो वासनेने न पछाडलेला श्रोत्रिय. त्या प्रयोगात आनंदामाइडने गोडीबरोबर खाणंही वाढवलं होतं; आवड आणि हाव एकाच जागी भडकल्या. पण त्या दोन सुट्या करता येतात हे बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी आधीच दाखवलं होतं. मेंदूतलं जवळजवळ सगळं डोपामाइन नष्ट केलेले उंदीर त्यांनी तपासले. तोंडात साखर पडली की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. इच्छा मात्र गेलेली. समोर अन्न असूनही ते उठून खाईनात. नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. निरिच्छ आनंद ही कल्पना म्हणून विसंगत नाही, एवढं त्यावरून उपनिषदाच्या पदरात टाकता येतं. उपाशी मरण्याची अडचण मात्र गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णानेच अर्जुनासमोर मांडली आहे: कर्म सोडलं तर शरीराचा गाडाही चालायचा नाही. भिक्षा मागणं हेही कर्मच, तेवढं चालतं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, हा सवाल टिळकांनी संन्यासमार्गीयांना गीतारहस्यात विचारल्याशिवाय सोडला नाही.