किल्ली कोणाकडे असावी?

गेल्या गणेशोत्सवात मंत्रपुष्पांजली चालू असताना माझं लक्ष बाप्पाकडे कमी आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांकडे जास्त होतं. बाप्पा क्षमा करील, कारण खोड तीस वर्षांची आहे. सगळ्यांनी डोळे मिटले, काकांनीही मिटले, आणि दोन-तीन सेकंदांतच ते झुलू लागले. त्यांनी चटकन पुढच्या खुर्चीची पाठ पकडली, डोळे उघडले, आणि मी पाहतोय हे लक्षात आल्यावर गालातल्या गालात हसले.

पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, या साध्या तपासणीला आम्ही रॉम्बर्गची चाचणी म्हणतो. काकांनी ती गणपतीसमोर आपणहून दिली आणि नापास झाले.

काकांचं वय 74. 1978 साली खंडाळ्याच्या घाटात ट्रकशी टक्कर होऊन त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये पहिला कृत्रिम पाय बसला आणि वर्षभरात ते पुन्हा राजदूतवर बसले. नोकरी, लग्न, अमेरिका, मुलगी, नातवंडं हे सगळं त्या पायावर झालं. मोटरसायकलही सुटली नाही. सध्याची पाचशे पौंडांहून जड क्रूझर आहे, आणि गिअर वर उचलायला घोटा नसल्यामुळे टाचेनेही दाबता येईल असा लांब गिअर तिला लावून घेतला आहे. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नाव तेवढं घालत नाही, पण आपल्या मंडळात ते ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही.

उत्सव संपल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही बाबांना सांगा ना, बाइक बंद करा म्हणून. स्टॉप साइनला उभ्या उभ्या पडले. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." (मी तिचा काका, तिचे वडील माझे काका; अमेरिकेत आल्यापासून आपण सगळे एकमेकांचे काकाच आहोत.)

मी "बघतो" म्हटलं आणि आठवडाभर काहीच केलं नाही. त्याचं कारण सांगायला हवं.

2011 साली पुण्यात माझे वडील लूनावरून पडले. सदाशिव पेठेतलं वळण, रस्त्यावर सांडलेली खडी, गुडघा खरचटला, बाकी काही नाही. मी इथून फोनवर धाकट्या भावाला सांगितलं, "किल्ली काढून ठेव." त्याने ठेवली. वडील दोन दिवस शोधत होते, मग त्यांना कळलं, आणि त्यांनी विचारलंही नाही. लूनावरून ते वाचनालयात जात, मंडईत जात, एका मित्राकडे बुद्धिबळाला जात. रिक्षाने जाता आलं असतं, पैशांचा प्रश्न नव्हता. पण ते गेले नाहीत. तीन वर्षांनी ते वारले. लूना गेली म्हणून वडील गेले असं मी डॉक्टर म्हणून म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण मुलगा म्हणून मला एवढं ठाऊक आहे की मी त्यांना तपासलं नव्हतं. एकदा विचारलंही नव्हतं, "बाबा, पडलात कसे?" आठ हजार मैलांवरून मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा मी त्याला काळजी म्हणत होतो. आज वाटतं, बरीचशी काळजी माझ्या झोपेची होती.

म्हणून काकांच्या मुलीला "बरोबर आहे, सांगतो" म्हणणं मला जमेना.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे असतात. इथल्या पद्धतीचं उत्तर असं की त्यांचं आयुष्य, त्यांचा निर्णय. ऐकायला छान वाटतं. पण रस्ता त्यांच्या एकट्याचा नाही, आणि ते पडले तर काठीपासून बेडपॅनपर्यंत सगळं काकूंना करायचं आहे. त्यांच्या निर्णयात काकूंची कंबरही आलीच. पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत, गाडी चालवायला धोकादायक अशी अवस्था दिसली तर डॉक्टरने सरकारला कळवणं बंधनकारक आहे. आमच्या राज्यात तशी सक्ती नाही, आणि काका माझे पेशंटही नाहीत, तरी डॉक्टरकीचा झब्बा काही घरी काढून ठेवता येत नाही. आपल्या पद्धतीचं उत्तर याच्या उलट. वय झालं, आता आराम करावा, देवाचं नाव घ्यावं, मुलं आहेत ना! त्यात माया आहे हे खरंच. पण त्या मायेने माणसाला किती हळू आणि किती गोड बोलून खुर्चीत बसवून टाकता येतं, हे मी घरी पाहिलं आहे.

शेवटी मी काकांना फोन करून जुन्या प्रोफेसरांसारखा विचारलं, "काका, पडलात कसे ते नीट सांगा."

ते खूश झाले. एवढ्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता म्हणे.

शरीराचा तोल तीन वाटांनी येणाऱ्या बातम्यांवर चालतो. डोळे सांगतात, आतल्या कानातली यंत्रणा सांगते, आणि तळपाय, घोटे, सांधे सांगतात. काकांच्या डाव्या बाजूची तिसरी वाट 1978 सालीच बंद झाली. उरलेल्यांवर मेंदूने संसार चालवला, आणि उत्तम चालवला. पण साठी-सत्तरीनंतर कानातल्या संवेदनशील पेशी कमी होतात, मोतिबिंदू येतो, स्नायूंना उशिरा निरोप पोचतो. दोन धड पाय असलेला म्हातारा जी झीज पचवून टाकतो, ती अशा माणसाला लगेच जाणवते, कारण त्याच्याकडे शिल्लक आधीच कमी असते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या ऑन्टारिओतल्या एका अभ्यासात, पाय गमावलेल्या आणि घरी राहून हिंडत्या-फिरत्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जण वर्षभरात एकदा तरी पडले होते. अमेरिकेत पासष्टीपुढच्या सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण चारांत एक, फार तर थोडं अधिक, असं धरतात.

मोटरसायकलची गंमत अशी की ती धावत असताना स्वतःच बरीचशी तोलात राहते. प्रश्न येतो तो थांबताना, शेवटच्या दोन-तीन सेकंदांत. तेव्हा कुठला तरी पाय जमिनीला टेकवावा लागतो. काका नेहमी उजवा टेकवतात, कारण डाव्याला खडी आहे की तेल आहे हे कळत नाही. भारतात आपण डावीकडून गाडी हाकतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे उजव्या पायाखाली जमीन थोडी उंच मिळते. इथे रस्त्याची बाजू बदलली, उतार उजवीकडे गेला. म्हणजे चाळीस वर्षं ते रोज इंच-दोन इंच खोल जमीन शोधत आले आहेत. "आणि आता ती जमीन वेळेवर सापडत नाही रे," ते म्हणाले.

मी माझी छोटी बॅग घेऊन त्यांच्याकडे गेलो. सगळ्यांचं लक्ष, त्यांचंसुद्धा, कृत्रिम पायावर होतं. मी मोजा काढायला लावला तो उजव्या पायाचा. तपासायचा नायलॉनचा बारीक तंतू अंगठ्याला टेकवला, डोळे मिटलेले काका म्हणाले, "टेकव की." मी टेकवलेलाच होता. कंप पावणारा चिमटा घोट्यापर्यंत कुठेच कळला नाही. अठरा वर्षांचा मधुमेह. शिवाय इतकी वर्षं जास्तीचा भार घेऊन तो गुडघाही झिजलेला.

घरातली सगळी भांडणं लाकडी पायावरून चालली होती (काकू अजून त्याला लाकडीच म्हणतात), आणि दगा देत होता तो चांगला म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही तो पाय. काका बराच वेळ त्या पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "याच्यावर मी कधी संशयच घेतला नाही."

त्या संध्याकाळी मी त्यांना मेजर जनरल इयान कार्डोझो यांची गोष्ट सांगितली. काकांना ती आधीच ठाऊक होती. अशा लोकांना असतेच. मुंबईत 1937 साली जन्मलेले, खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले कार्डोझो 1971 च्या युद्धात सिल्हेटकडे गोरखा बटालियनमध्ये मेजर होते. सुरुंगावर पाय पडला. तिथे ना मॉर्फीन ना हत्यारं, तेव्हा त्यांनी चिंधड्या झालेला पाय आपल्याच खुकरीने कापला. पुढे युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी सर्जनने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ही हकिगत सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. लढाऊ तुकडीचं नेतृत्व अशा अधिकाऱ्याला देत नाहीत, असा नियम आड आला. कार्डोझोंनी दया मागितली नाही, तपासा म्हणाले. क्षमतेच्या चाचणीत ते दोन पायांच्या अधिकाऱ्यांच्या पुढे धावले, लडाखच्या डोंगरात चढून दाखवलं, तेव्हा परवानगी मिळाली. पाय गमावून पायदळाची बटालियन आणि पुढे ब्रिगेड सांभाळणारे ते भारतीय लष्करातले पहिले अधिकारी ठरले.

आणि हे आपल्याला नवीन नसावं. ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे: युद्धात पाय तुटला, अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय दिला, तो पुन्हा पुढे जाण्यासाठी. (विश्पला ही घोडी असावी असं काही पंडित म्हणतात, म्हणोत बापडे.) देवांच्या वैद्यांनी तिला विश्रांतीचा सल्ला दिल्याचं तरी कुठे आढळत नाही.

पण काका हुशार. ते म्हणाले, "अरे डॉक्टर, कार्डोझोंनी चाचणी दिली तेव्हा त्यांचं वय काय होतं? मी आज पास झालो तर पुढच्या वर्षाचं काय?" इथे खरी अडचण आहे. तरुणाने एकदा सिद्ध केलं की पुरतं. म्हातारपणी शरीर दर वर्षी नवा करार लिहायला बसतं, आणि झीज इतकी हळू होते की ज्याची होते त्यालाच ती सर्वांत शेवटी कळते, कारण मेंदू सांभाळून घेत असतो. म्हणून फक्त "माझं मला कळतं" यावर हा निर्णय सोडता येत नाही. पण तो फक्त घरच्यांच्या भीतीवरही सोडता येत नाही, कारण भीतीला मोजमाप नसतं. माझ्या मते म्हाताऱ्या माणसावर एक कर्तव्य येतं: आपल्याला तपासू द्यावं, पुन्हा पुन्हा. आणि घरच्यांवर त्याहून अवघड कर्तव्य येतं: निकाल "चालेल" असा लागला तर तोही मुकाट्याने मान्य करायचा. मुलीला मी हेच सांगितलं. दुसरं कलम तिला अजिबात आवडलं नाही.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी सात वाजता, गर्दी व्हायच्या आत, आम्ही देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये जमलो. काका, काकू, मुलगी, जावई आणि मी. दहा वेळा थांबायचं: चार सपाटीवर, तीन चढावर, तीन उजवीकडच्या उतारावर. जावई आणि मी दोन्ही बाजूंनी चालत होतो. सपाटीवर चारही सुरेख. चढावर दोन बरे, एक डळमळीत. उतारावर पहिल्याच वेळी उजवा पाय जमिनीपर्यंत पोचला असं त्यांना वाटलं, पण तो पोचला नव्हता. गाडी कलली. जावयाने आणि मी ती धरली, आणि पाचशे पौंड म्हणजे काय ते मला माझ्या कमरेतून कळलं. काकांनी इंजिन बंद केलं. उरलेले दोन त्यांनी स्वतःच रद्द केले. किल्ली काढली. मुलीने नकळत हात पुढे केला होता. काकांनी तो पाहिला, आणि किल्ली आपल्याच खिशात टाकली. कोणी काही बोललं नाही. काकूंनी थर्मासमधला चहा ओतला.

त्यानंतर आत दर्शनाला जाताना मला आणखी एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं दिसायला हवी होती. कृत्रिम पाऊल एका ठरावीक उंचीच्या बुटाच्या टाचेसाठी जुळवलेलं असतं. आपण दारात बूट काढायला लावतो, टाच खाली जाते, आणि माणूस गुडघ्यातून मागे रेटला जातो. म्हणजे काकांचा आरतीतला तोल जाण्यात थोडा हात आपल्या नियमाचाही होता. जयपूरमध्ये 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला, तो हेच ओळखून: आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. परदेशी बनावटीच्या पायाला ते ठाऊक नव्हतं. आम्ही कार्यकारिणीला तीन गोष्टी मागितल्या आहेत: चपलांच्या मांडणीजवळ पाठीचा बाक, भिंतीला पकडायला दांडा, आणि ज्यांना गरज आहे त्यांना फक्त आत वापरायचे स्वच्छ बूट घालण्याची मुभा. पहिल्या दोन लगेच मंजूर झाल्या. तिसरीवर चर्चा चालू आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी एकदा एकाच पायात उंच टाचेचा बूट घालून पाच प्रदक्षिणा घालून पाहाव्यात.

काका आता उजव्या पायासाठी फिजिओथेरपीला जातात. अंघोळीला स्टूल घेतलं आहे, कारण तोंडाला साबण लावताना डोळे मिटतातच. मोटरसायकल अजून गॅरेजमध्ये आहे, दर रविवारी पुसली जाते. परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. तीनचाकी मोटरसायकल थांबल्यावर पाय टेकवावा लागत नाही हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. काकूंचा गुडघा दुखतो, तर मागच्या सीटवर चढायला पायरी बसवता येईल का, ते त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, आधी काकूंना विचारा. मागून काकूंचा आवाज आला, "मला कोणी विचारलेलं नाहीये!"