कोणी पाहत नसताना
मुलगा म्युनिकला गेल्यापासून आमच्या इंदूरच्या घरात एक वाद चालू आहे. तिथल्या यू-बान मेट्रोला फाटकच नाही! तिकीट घ्यायचं, यंत्रात शिक्का मारायचा, बसायचं. तपासनीस साध्या कपड्यांत, तेही कधीतरीच. सापडलात तर दंड 60 युरो. आमचे हे म्हणतात, "हा प्रामाणिकपणा कसला, दंडाचं भय!" मला नाही पटत. भयानं का होईना, रोज तिकीट काढलं की हाताला वळण लागतं. नामाचंही तसंच ना? पण परवा मुलानं अडवलं. "आई, पाकीट घरी राहिलं, रात्रीचा बर्फ, चालत तासभर. विनातिकीट बसू?" "चाल रे बाळा," म्हटलं खरं. रात्रभर डोळा लागला नाही.