धावेच्या आतलं चाक

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं, कापसाच्या मुलखातलं गाव. इथला कापूस पिढ्यान्‌पिढ्या बंडीतून बाजाराला गेला. कापसाचे भाव कागदावर सापडतील. बंडीचं चाक कोणी घडवलं, ते सापडणार नाही. गावगाड्याच्या जुन्या हिशेबात सुतार, म्हणजे आपल्याकडचा वाढई, आणि लोहार येतात ते वाट्याच्या धान्यापुरते. किती पायल्या मिळाल्या ते कळतं, डोक्यात काय होतं ते नाही.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये ‘गावगाडा’ लिहिलं, तेव्हा मराठीत बलुतेदाराकडे बारकाईनं पाहिलं गेलं. पण आत्रे महसूल खात्यातले, पाहणी हिशेबनिसाची. वंशपरंपरेनं हक्काचं धान्य मिळू लागलं की काम सुधारायची गरज उरत नाही, ही त्यांची तक्रार. तक्रारीत तथ्य होतं. तरीही चाक कसं घडतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो प्रश्न इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या फार्नम गावी एकानं विचारला. जॉर्ज स्टर्ट हा शाळामास्तर. 1884 मध्ये वडिलांचा गाड्या बांधण्याचा कारखाना गळ्यात पडला, आणि मालक झाल्यावर उमगलं की आपल्याला यातलं काहीच येत नाही. 1923 च्या ‘द व्हीलराइट्स शॉप’मध्ये त्यानं लिहिलं ते कामगारांच्या हातातल्या ज्ञानाबद्दल. चाक सपाट नसतं, बशीसारखं थोडं खोलगट असतं. जनावर चालताना गाडी डावी-उजवीकडे रेटली जाते, तो धक्का त्या आकारामुळे सोसतो. कारागीर अचूक तसं करत, पण कारण विचारलं तर सांगता येत नसे. कोणत्या शेताला कशी गाडी लागेल, हेही त्यांना ठाऊक.

आपल्याकडचं धाव चढवणं आठवा. लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचं, गोवऱ्यांच्या आरात तापवून फुगवायचं, चाकावर बसवून पाणी ओतायचं. आवळत जाणारं लोखंड आऱ्यांना तुंब्यात घट्ट दाबतं. किंचित म्हणजे किती? जास्त लहान झालं तर लाकूड चिरतं, कमी झालं तर वैशाखात लाकूड आटलं की धाव खुळखुळते. ‘किती’ हे कुठल्या वहीत नव्हतं.

हाताच्या कामाकडे पाहण्याची दुसरी वाटही इंग्लंडमधूनच वर्ध्याला आली. इंग्रज लेखक रस्किनचं ‘अन्टू धिस लास्ट’ गांधींनी 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचलं. वकिलाच्या कामाची किंमत न्हाव्याच्या कामाइतकीच, हे त्यांनी त्यातून उचललं. (न्हावीही बलुतेदारच.) 1934 मध्ये गांधींचा ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला, 1937 मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत हस्तोद्योग शाळेच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला. हात आणि अक्षर एका बाकावर बसवण्याचा हा धाडसी बेत होता.

पण 1936 मध्ये, गांधी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले त्याच वर्षी, आंबेडकरांनी ‘जातिभेद निर्मूलना’त म्हटलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. माझ्या मते स्टर्टच्या पुस्तकाला जोडून वाचायला हवी ती हीच ओळ. फार्नमच्या कारागिराचं कौतुक करताना कौशल्य जन्मानं गळ्यात बांधलं जाण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे येतो. वाढयाचा पोरगा शाळेत सुतारकाम शिकला तर त्यात नवं काय, असं त्याच्या बापानं विचारलं तर? ब्राह्मणाच्या पोरानं रंधा धरणं हे नवं. वाढयाच्या पोराला हवं होतं ते रंध्यापासून दूर जाण्याचं स्वातंत्र्यही.

आणि पोरं गेलीच. रबरी टायर आला, ट्रॅक्टर आला, आर्वी–पुलगावची छोटी रेल्वेही थांबली. जात सुटली असं मात्र झालं नाही. सुटलं ते चाक.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत नेतात. त्या बैलांच्या पायाखालीही चाकं असतात, लहान, सपाट. धाव त्यांना लागत नाही.