घोडा, पिकअप आणि अपरिग्रह

1836 साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टरची सेंट लेजर शर्यत एलिस नावाच्या घोड्याने जिंकली आणि सट्टेवाल्यांचे चेहरे पडले. शर्यतीच्या काही दिवस आधीपर्यंत एलिस पार दक्षिणेला, गुडवूडच्या तबेल्यात होता. त्या काळी शर्यतीचे घोडे मैदानापर्यंत चालत जात. एवढं अंतर चालून तो वेळेत पोचणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब होता. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी त्याला आतून गादी लावलेल्या बंद गाडीतून आणलं. ती गाडी ओढत होते अर्थातच दुसरे घोडे. इतिहासात नाव राहिलं ते एलिसचं.

आज ओढण्याचं काम पिकअप ट्रक करतो. अमेरिकेत घरचा घोडा बाळगणाऱ्या कुटुंबात ‘कोणता पिकअप घ्यायचा’ हा वाद आठवडेच्या आठवडे चालतो. वरवर पाहता तो इंजिनाचा आणि कर्जाच्या हप्त्याचा वाद आहे. पण ट्रेलरमध्ये फर्निचर नसून घोडा आहे, एवढ्या एका कारणाने तो नीतिशास्त्राच्या अंगणात येतो. गाडी चालवणाऱ्याने धोका स्वतःहून पत्करलेला असतो. घोड्याला कुणी विचारलेलं नसतं.

मुक्या जनावराचं आपण काही देणं लागतो का, यावर युरोपात बराच खल झाला, आणि गंमत म्हणजे त्यात घोडा पुन्हा पुन्हा येतो. 1789 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम यांनी म्हटलं की एक दिवसाच्या तान्ह्या बाळापेक्षा पूर्ण वाढलेला घोडा जास्त समजूतदार असतो. तेव्हा बुद्धी नव्हे, वेदना ही कसोटी धरावी. 1797 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी म्हाताऱ्या घोड्याच्या चाकरीबद्दलची कृतज्ञता कर्तव्यात धरली, पण आडवाटेने: ते कर्तव्य घोड्याप्रति नसून माणसाचं स्वतःप्रति. ज्यू परंपरा याहून रोखठोक. आपल्या वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तरी मदत कर, असं ‘निर्गम’ ग्रंथ बजावतो.

आपल्याकडे एकनाथांची गोष्ट घरोघर माहीत आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातलं. मात्र ते गाढव नाथांच्या डोळ्यांसमोर होतं. ट्रेलरमधला घोडा चालकाला दिसत नाही. तो चार पायांवर तोल सावरत उभा असतो, आणि त्याच्या शरीराचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पुढे तोंड करून उभ्या असलेल्या घोड्याला जोराचा ब्रेक बसला की आणखी भार तिकडेच जातो. हे चालकाला कळतं ते मुक्कामाला दार उघडल्यावर. म्हणून इथली भूतदया आधीच करून ठेवावी लागते, आणि ती करायची तर आकडेमोड टळत नाही.

माहितीपत्रकात साध्या ‘हाफ-टन’ वर्गातले ट्रकसुद्धा, म्हणजे फोर्ड एफ-150 किंवा रॅम 1500 यांच्यासारखे, योग्य इंजिनासह पाच हजार किलोंच्या वर ओढण्याचा आकडा मिरवतात. तो आकडा खोटा नसतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसएई जे2807’ या मानकानुसार ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ ट्रकला तेवढं वजन ओढत, एसी चालू ठेवून चढावा लागतो. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये माणसं दोन, प्रत्येकी 68 किलोंची, आणि मागचं वजन निर्जीव.

आता दोन घोड्यांचं उदाहरण घ्या. घोडे प्रत्येकी 500 किलो, रिकामा ट्रेलर 1,500, गवत-पाणी-सामान 200, एकूण 2,700. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जेमतेम निम्मे! पण अशा ट्रेलरचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या कडीवर, आणि पर्यायाने ट्रकच्या पाठीवर येतो. 15 टक्के धरले तर सुमारे 400 किलो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड, म्हणजे त्याच्यावर माणसांसह लादता येणारं वजन, छापलेला असतो. तो 700 असेल तर उरले 300. आई, बाप, दोन मुलं मिळून 230, भार वाटून देणारा हिच 40. शिल्लक 30 किलो. त्यात एक वेस्टर्न खोगीर आणि घरचा कुत्रा बसतो. दुसऱ्या घोड्याचं खोगीर कुठे ठेवायचं?

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: एक वर्ग वरचा घ्या, एफ-250 किंवा रॅम 2500. ओढणं सगळेच ओढतात; उतारावर, वळणावर, आडव्या वाऱ्यात मागच्या वजनाने ट्रकला ढकलू नये यासाठी ट्रक जड हवा, हे खरंच आहे.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. हा अवाढव्य ट्रक बहुतेक दिवस घोड्याविना फिरणार. शाळेच्या फाटकापाशी तो उभा राहिला की त्याच्या उंच नाकाखालचं लहान मूल चालकाला दिसत नाही. इंधनही तो जास्त पितो. पतंजलींनी यम सांगताना अहिंसा पहिली मांडली आणि अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न बाळगणं, शेवटचा. एकाच यादीतली ही दोन व्रतं इथे समोरासमोर येतात. घोड्यासाठी मोठा ट्रक हवा, शेजाऱ्यासाठी लहान. मधला आकार घेतला की सुटलं, असं नाही. मधल्या आकाराने दोघांवरही थोडाथोडा अन्याय होतो.

या कोंडीतून एक वाट आमिश लोकांनी दाखवली आहे, अगदी अनपेक्षितपणे. पेनसिल्व्हेनिया-ओहायोतले हे ख्रिस्ती शेतकरी मोटार बाळगत नाहीत. बग्गीला घोडा जुंपतात. मात्र लांबच्या प्रवासासाठी बाहेरच्या माणसाची गाडी चालकासह भाड्याने घेतात. टीकाकार याला ढोंग म्हणतात. पण वापरणं वेगळं आणि मालकी वेगळी, हा त्यांचा भेद बारकाईने तपासण्याजोगा आहे. यंत्र दारात उभं राहिलं की माणूस त्याच्यासाठी कामं शोधतो, ही त्यांची धास्ती निराधार म्हणवत नाही. घोड्यासाठी ट्रक घेतलेल्या घरात वर्षभराने तोच ट्रक भाजी आणायला निघालेला दिसतो.

तेव्हा निवाडा असा: आपल्या सरासरी दिवसावरून ट्रक निवडू नये, घोडे आत असतानाच्या सर्वांत वाईट उतारावरून निवडावा. दर आठवड्याला ट्रेलर जोडणाऱ्याने वरच्या वर्गाचा ट्रक घ्यावा, ट्रेलरला चालू स्थितीतले ब्रेक आणि ट्रकमध्ये ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर असल्याशिवाय निघू नये, आणि लाजू नये. वर्षातून दोन-तीनदाच घोडा हलवणाऱ्याने मात्र घोडे वाहून नेण्याचाच व्यवसाय करणाऱ्याला पैसे द्यावेत आणि घरी लहान गाडी ठेवावी. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत ज्या मराठी घरांतली मुलं घोडेस्वारी शिकतात, त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. ट्रक आधीच घेतला असेल तर ट्रेलर भरून, कुटुंब बसवून एकदा काट्यावर न्यावा. अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. पुढच्या आसाचं, मागच्या आसाचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं.