दगडांची साक्ष आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

पृथ्वी किती वर्षांची आहे व मनुष्य कसा झाला, हा प्रश्न आता केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही तो येऊन पोहोचला आहे. राज्य मंडळाने २०१८ साली दहावीसाठी काढलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांती असा धडाच आहे. आमची मुले तो धडा आठवडाभर घोकतात आणि रविवारी शब्बाथ शाळेत सहा दिवसांच्या उत्पत्तीचा वृत्तांत ऐकतात. मग कित्येक आईबाप त्यांस असा सल्ला देतात की, परीक्षेत पुस्तकातले लिही आणि मनात शास्त्रातले धर. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, ह्यात संशय नाही. परंतु वाचकहो, विचार करा. ह्या उपायाने मुलाचा विश्वास राखला जातो, की त्यास दोन जिभांनी बोलण्याची सवय लागते? ख्रिस्ताने आपल्या शिष्यांचे होय ते होय व नाही ते नाही असावे, असे शिकविले. त्याच्याच नावाने आम्ही लेकरांस एक गोष्ट लिहावयास व दुसरी मानावयास लावावी काय? आमच्या मते हा प्रश्न मुळात वर्षांच्या हिशेबाचा नसून खरेपणाचा आहे, आणि म्हणून त्याचा विचार येथे करणे अवश्य वाटते.

प्रथम लोणारकडे पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर आपल्या वऱ्हाडातील बहुतेकांनी पाहिले किंवा ऐकले आहे. लवणासुर नावाचा दैत्य तेथे भूमीत दडून बसला होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्यास मारिले, असे तेथील लोक परंपरेने सांगतात; दैत्यसूदनाचे सुंदर प्राचीन मंदिरही तेथे उभे आहे. आता शास्त्रज्ञ म्हणतात की, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा आकाशातून पडलेल्या एका प्रचंड पिंडाच्या आघाताने झाला. पुष्कळ काळ तो ज्वालामुखीचा समजला जात असे. परंतु ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही असा, केवळ जबरदस्त धक्क्याने काचेसारखा झालेला खनिज पदार्थ तेथील खडकांत सापडला, आणि १९७३ साली आघाताचे मत पक्के झाले.

हे ऐकून आमच्या कित्येक उपदेशक बंधूंस आनंद होतो. शेजाऱ्याशी बोलताना ते म्हणतात, पाहा, दगडांनीच तुमच्या दैत्याची गोष्ट खोटी पाडिली. परंतु शेजारी जर शांतपणे विचारील की, दादा, ज्या दगडांनी माझी गोष्ट पाडिली तेच दगड तुमच्या सहा दिवसांविषयी व सहा हजार वर्षांविषयी काय म्हणतात, तर आम्ही काय उत्तर देऊ? देण्याचे वजन एक व घेण्याचे वजन दुसरे ठेवणारा दुकानदार देवास आवडत नाही, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. ही गोष्ट धान्याच्या तराजूपुरतीच आहे असे कोणी समजू नये. शेजाऱ्याच्या पुराणास एक माप आणि आपल्या शास्त्रास दुसरे, हेही खोटे वजनच होय. म्हणून दगडांची साक्ष घ्यावयाची तर ती सबंध घेतली पाहिजे.

ती साक्ष काय आहे? आपला वऱ्हाड हा काळ्या पाषाणाचा देश आहे. हा पाषाण एके काळी तापलेल्या रसाच्या रूपाने भूमीच्या भेगांतून वर आला व पसरला. तो झिजून आपली काळी कपाशीची जमीन झाली. ज्यांनी विहिरी खणल्या किंवा घाटांतील रस्त्यांच्या कडा पाहिल्या, त्यांस ठाऊक आहे की हा पाषाण थरांवर थर असा बसलेला असतो आणि कित्येक ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पट्टा म्हणजे खालच्या थराची झीज होऊन झालेली माती. काही ठिकाणी दोन थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यांचा गाळ व त्यात शिंपल्या आणि गोगलगाई दगड होऊन बसलेल्या सापडतात. ह्याचा अर्थ शेतकऱ्यास सांगावयास नको. रस आला, थंड झाला, झिजला, त्याची माती झाली, तळी साचली, जीव जगले व मेले. मग पुन्हा रस आला. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले.

ह्या पाषाणाचे वय मोजण्याची एक रीत आहे. त्यात पोटॅशियम नावाचे द्रव्य असते, आणि त्यातील एका प्रकारचा अंश अत्यंत मंद परंतु ठरलेल्या गतीने पालटून त्याचा काही भाग आर्गॉन नावाचा वायू होतो. सुमारे १२५ कोटी वर्षांत तो अंश निम्मा उरतो. पाषाण रसरूप असताना वायू निघून जातो; घट्ट झाला की आत साठू लागतो. जुन्या काळी लग्नघटिका पाहण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत व आत किती पाणी शिरले त्यावरून वेळ जाणीत; ही रीत त्यासारखीच आहे. ह्या मापाने आपल्या दख्खनच्या पाषाणाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे येते. लोणारच्या आघाताचे वय अशाच रीतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते.

ह्यावर आमच्या मंडळ्यांत तीन आक्षेप वारंवार ऐकू येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, शास्त्रज्ञांचे आकडे बदलत असतात. हे खरे आहे. लोणारचे वय पूर्वी दुसऱ्या एका रीतीने सुमारे ५० हजार वर्षे धरीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते पुष्कळ वाढले. परंतु आपली चूक आपणच शोधून जाहीर करणे हा दोष नसून सद्गुण आहे. शिवाय दोन्ही आकडे सहा हजारांच्या फार पलीकडचे आहेत, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व थर नोहाच्या जलप्रलयात बसले. ह्यास उत्तर द्यावयास आपल्याच जिल्ह्यातील सालबर्डी पुरे आहे. मोर्शीच्या पलीकडे, बैतूल जिल्ह्याच्या सीमेवर, काळ्या पाषाणाच्या खालच्या थरांत डायनोसॉर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नष्ट झालेल्या महाकाय प्राण्यांची हाडे सापडली आहेत; अंड्यांचे घरटेही सापडले आहे. घरटे करून अंडी घालावयास कोरडी भूमी लागते. त्या भूमीवर पुढे रसाचे थर बसले, आणि थरांमध्ये माती व तळी झाली. एकाच वर्षाच्या पुरात हे सर्व कसे घडावे?

तिसरा आक्षेप असा की, देवाने पृथ्वी नुकतीच निर्माण केली, परंतु ती जुनी दिसेल अशी केली. बंधूंनो, हा आक्षेप देवाच्या कैवारासाठी घेतला जातो, परंतु त्याने देवाचाच अपमान होतो. जो कधीही खोटे बोलत नाही असे आम्ही लोकांस सांगतो, त्याने कधीही न जगलेल्या प्राण्याचे घरटे दगडात कोरून ठेविले व मनुष्यास फसविले, असे म्हणावे काय?

मग शास्त्राचे काय? येथे आम्ही वाचकांस विनंती करितो की, उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा सावकाश वाचावा. त्यात पृथ्वीचे वय कोठेही दिलेले नाही. पृथ्वीची उत्पत्ती ख्रिस्तापूर्वी ४००४ साली झाली हा हिशेब आयर्लंडातील आर्चबिशप अशर ह्यांनी १६५० साली प्रसिद्ध केला. वंशावळींवरून बेरीज करून त्यांनी तो मांडला होता. तो एका विद्वानाचा हिशेब आहे, प्रेषितांचा उपदेश नव्हे. त्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. सूर्यावाचून पहिले तीन दिवस कसे मोजले, हे लिहिणाऱ्यास सुचले नसेल काय? भोवतालची राष्ट्रे सूर्याचंद्रास देव मानीत होती. त्यांच्यामध्ये राहून तो सांगतो की, हे देव नव्हेत, देवाने टांगलेले दिवे आहेत. कोणी केले व कशासाठी केले, हे तो अध्याय सांगतो. किती काळात व कोणत्या रीतीने, हे विचारावयास देवाने आपल्यास बुद्धी दिली आहे आणि दगड दिले आहेत.

हे मत अलीकडे शास्त्रज्ञांच्या भीतीने निघाले असे कोणी समजू नये. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ह्यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात ख्रिस्ती लोकांस बजाविले की, आकाश व पृथ्वी ह्यांविषयी जे अन्यधर्मीयांस अनुभवाने ठाऊक आहे, त्याविषयी शास्त्राचे नाव घेऊन अज्ञानाने बोलू नये. तसे केल्यास ते हसतील आणि पुनरुत्थानाविषयीही आपले ऐकणार नाहीत. बाजारात व चावडीवर बोलणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने हे मनात ठेवावे.

आपल्या शेजारच्या नागपुरातही एक उदाहरण आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली तेथे आले. त्यांनी शाळा चालविली, सुवार्ता सांगितली, आणि सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह टाकळी व आसपासच्या भागांतील दगड झालेल्या शिंपल्या, फळे व पाने गोळा केली. त्यांचा ह्याविषयीचा लेख १८५५ साली लंडनच्या भूस्तरशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापला गेला. १८६३ साली ते नदीच्या पुरात बुडून मरण पावले. पुढे १८८३ साली निघालेल्या नागपूरच्या कॉलेजास त्यांचे नाव मिळाले. एका हातात शास्त्र व दुसऱ्या हातात हातोडा घेऊन देवाची सेवा करिता येते, हे त्यांच्या हयातीने दाखविले.

आता सर्वांत कठीण गोष्ट राहिली, ती आदामाची. ती आम्ही टाळणार नाही. आपल्या मंडळ्यांस आदाम प्रिय आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. ज्यांच्या वाडवडिलांस सांगितले गेले की कोणी विराट पुरुषाच्या मुखातून जन्मले, कोणी पायांतून, आणि तुम्ही तर गावकुसाबाहेरचे, त्यांनी उत्पत्तीत वाचले की सर्व मनुष्ये एका मातीची व एका कुळाची आहेत आणि प्रत्येकावर देवाची प्रतिमा आहे. त्या वचनाने किती माना ताठ झाल्या! आज कोणी म्हणाला की मनुष्य पूर्वीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, तर आम्हांस वाटते की मिळालेला मान कोणी हिरावून घेत आहे.

परंतु शास्त्रज्ञ काय म्हणतात ते नीट ऐका. ते म्हणतात की आपल्यासारखा मनुष्य आफ्रिकेत सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीपासून दिसतो. आज पृथ्वीवर मनुष्याची एकच जाती आहे. कोणत्याही दोन मनुष्यांच्या शरीरातील आनुवंशिक लिपी ताडून पाहिली तर हजारांत सुमारे ९९९ अक्षरे तीच निघतात. मुखातून जन्मलेला व पायांतून जन्मलेला असा भेद त्या लिपीत कोठेही नाही. म्हणजे जे सत्य आमच्या लोकांनी विश्वासाने धरिले, त्यास ह्या विद्येने बळकटीच दिली.

तरी प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, त्याच लिपीवरून आपले पूर्वज केवळ दोन नसून कित्येक हजार होते असे दिसते. मग पौल प्रेषिताने रोमकरांस आदामाविषयी लिहिले ते कसे समजावे? ह्यात भक्तिमान विद्वानांचे मत एक नाही. कोणी आदाम हा त्या समुदायातून देवाने निवडलेला प्रतिनिधी मानितात. कोणी त्याच्या कथेत प्रत्येक मनुष्याची कथा पाहतात. आम्ही येथे निकाल देऊ इच्छीत नाही. परंतु पाप आहे, हे सिद्ध करावयास आम्हांस आदामाची हाडे शोधावी लागत नाहीत. आपले गाव व आपले अंतःकरण पुरे आहे. आणि मातीपासून घडलो असे म्हणताना ज्यांस लाज वाटली नाही, त्यांनी देवाने ती माती जिवंत प्राण्यांच्या दीर्घ परंपरेतून आणिली असे ऐकून लाजावे काय? मान कशापासून केले ह्यात नाही, कोणी केले व कोणाच्या प्रतिमेचे केले ह्यात आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे सांगणे थोडक्यात असे. मुलाने प्रश्न विचारिला तर त्यास दटावू नका. प्रश्न विचारणारे मूल अद्याप मंडळीत आहे, गप्प झालेले कदाचित निघून गेलेले असते. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणा. शेजाऱ्याच्या लवणासुरास हसू नका. मेळघाटातील कोरकू बांधव महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीपासून पहिली जोडी घडविली अशी कथा सांगतात, तीसही हसू नका. मनुष्य आपल्या कर्त्यास कसा शोधीत आला, हे त्या कथांत आदराने पाहा. आणि आपल्या विश्वासाचा पाया कोठे आहे ते ओळखा. तो सहा हजार ह्या आकड्यावर नाही. जो वधस्तंभावर मेला व उठला त्याच्यावर आहे. असा पाया असलेल्या घरास सत्याचे भय नसते, मग ते सत्य पुस्तकातून येवो की विहिरीच्या तळाच्या दगडातून.