देऊळ पाहिले, ऋण फिटले काय?

संतसज्जनहो, सवड मिळाली म्हणजे आपण एखाद्या जुन्या देवळाला जाऊन येतो. हात जोडतो, नारळ फोडतो, खांबांवरची नक्षी पाहून ‘धन्य ते कारागीर’ म्हणतो आणि घरी परततो. एवढ्याने आपले काम संपले काय, हा प्रश्न आम्हांस बार्शीटाकळीला पडला.

अकोल्यापासून हे गाव जवळच. तेथील देवीचे देऊळ यादवांच्या काळातले. शिलालेख शके १०९८चा, म्हणजे इ. स. ११७६चा. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात. पण हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा मंत्री. तो झाला पुढल्या शतकात. म्हणजे देवळास नाव लागले मागाहून आलेल्या मंत्र्याचे. आणि ज्यांनी खाणीतून दगड काढला, वाहिला, घडविला, त्यांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत.

हेच बोलत आम्ही बाहेर आलो, तो पायरीशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, “दर्शन झालं न, माउली? मंग इथं झाडते कोन, दिवा लावते कोन, हे पुसलं का?” आम्ही निरुत्तर झालो. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांसाठी हळहळणारे आम्ही, आज झाडणाऱ्या हातांची विचारपूस करावयास विसरलो होतो!

कुणी म्हणेल, देव भावाचा भुकेला. तो काही हिशेब मागत नाही. खरे आहे. पण देव मागत नाही म्हणून माणसाचे देणे बुडते काय? अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते, लोक स्नान करतात. नावच ऋणमोचन! पण गाडगेबाबांनी तेथे काय केले? यात्रेकरू चिखलातून घसरत नदीवर जातात हे पाहून ते स्वतः राबू लागले, आणि पुढे लोकांच्या मदतीने तेथे घाट उभा राहिला. बाबांनी ऋणाचा अर्थ असा लावला.

आणखी एक देणे आम्हांस बोचते. ज्यांच्या कष्टांवर देवळे उभी राहिली, त्यांतल्या कितीकांना आत पाऊल टाकू दिले नाही. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून चळवळ करावी लागली, डॉ. पंजाबराव देशमुख तीत पुढे होते. आपल्या पंढरीतही १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारी पाहात आम्ही वारकरी तोवर पिढ्यान्‌पिढ्या टाळ वाजवीत आत जात होतो! हे विसरून जुन्या वैभवाचे कौतुक करणे म्हणजे घेतलेले कर्ज नाकारणेच होय.

म्हणून देवळात जाणे सोडावे असे नव्हे. जावे, डोळे भरून पाहावे. पण बाहेर पडताना खराटा मागून घ्यावा, झाडणाऱ्याचे नाव पुसावे, त्याच्या ओसरीवर बसून घोटभर पाणी प्यावे. ऋण त्याने फिटणार नाही. पण ते आपल्या माथ्यावर आहे, एवढे तरी ध्यानात राहील.

त्या दिवशी आम्ही त्या म्हातारीचेही नाव न विचारताच परतलो. पुन्हा जाऊन ते विचारणे आहे.

रामकृष्णहरि!