तुमचे किती?

घर घ्यावयाचे म्हणजे पैसे जमवावयाचे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. पैसे जमविणे हा त्यातला सोपा भाग आहे, हे मला या उन्हाळ्यात कळले. अवघड भाग पुढेच असतो. परक्याच्या घरात, परक्याने दिलेला चहा पीत असताना तो परका माणूस दोन शब्दांचा प्रश्न विचारतो, "तुमचे किती?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे आम्हा नवराबायकोंना जवळजवळ अडीच महिने ठरविता आले नाही.

खारघरात आम्ही 14 वर्षे राहत आहोत आणि तेवढ्या काळात आमची सहा बिऱ्हाडे झाली. इथला भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांच्या हिशेबाने जगणाऱ्या माणसाचे वर्ष इतरांच्या वर्षाहून एका महिन्याने लहान असते. भिंतीत खिळा ठोकताना त्याला आधी घरमालकाचा चेहरा आठवतो. तेव्हा वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच स्वतःची जागा पाहावयास निघालो, यात हौसेपेक्षा कंटाळाच अधिक होता.

जागा लहानशी होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक खोली, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून दिसणारी खारघरच्या डोंगराची कड. मालकीण एक साठी उलटलेल्या काकू होत्या. वर्षापूर्वी यजमान गेलेले, मूलबाळ नाही. त्यांनी 44 लाख सांगितले. आम्ही घर पाहून निघालो, तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "वरच्यांच्या न्हाणीघराचे पाणी या भिंतीत उतरते. आत्ता मे महिना आहे, काही दिसायचे नाही. पाऊस लागला की या आणि मग ठरवा." आमच्याबरोबर आलेल्या दलालाने कपाळाला हात लावला. जिन्यात तो आम्हाला म्हणाला, "अशा माणसांमुळे धंदा बसतो."

आम्ही जुलैत पुन्हा गेलो. भिंत खरोखरच ओली होती, पोपडे सुटले होते.

आता विकत घ्यावयाचे म्हणजे नेमके काय, याचाही उलगडा इथे करावयास हवा. नवी मुंबईत जमीन सहसा विकली जात नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली, आणि तेव्हापासून इथली बहुतेक जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. ही इमारत ज्या भूखंडावर आहे त्याचा पट्टा 1999 चा. म्हणजे तो 2059 साली संपेल. मुदत पुढे वाढवून मिळेल असेच सगळे धरून चालतात, आणि दलालाला तर माझी शंका ऐकून हसूच आले. "तेव्हा बघायला आहे कोण?" असे तो म्हणाला. त्याचे एका दृष्टीने खरे होते. पट्टा संपेल तेव्हा मी 79 वर्षांचा असेन. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला तेहतीस वर्षांचा भाडेकरू होण्यासाठी आयुष्याची कमाई मोजावी लागते, आणि त्यालाच आपण मालक होणे म्हणतो! तथापि ही गोष्ट खारघरात सर्वांनाच लागू असल्यामुळे तिच्याबद्दल कोणी भाव पाडून मागत नाही. 2025 मध्ये पलीकडे विमानतळ झाला, त्याचा मात्र भाव चढवून मागतात.

खरी अडचण दलालाने निर्माण केली. त्याने एके दिवशी फोन करून हळू आवाजात सांगितले, "बाई अडल्या आहेत. यजमानांच्या दुखण्यात पतपेढीचे कर्ज झाले, त्याची नोटीस आली आहे. श्रावण संपायच्या आत पैसे भरायचे आहेत. तुम्ही 34 बोला. हो म्हणतील."

त्या रात्री आमच्या घरात जे भांडण झाले ते पैशावरून झाले असे कोणी म्हणेल, पण ते तसे नव्हते. माझी पत्नी म्हणाली, "आपण नाही का अडलेले? दिवाळीनंतर आपल्यालाही ही जागा सोडायची आहे. आपला घरमालक भाडे वाढवताना कधी आपली अडचण विचारतो?" मी म्हणालो, "म्हणून काकूंचे दहा लाख आपण खायचे?" ती म्हणाली, "दहा लाख त्यांचे कधी होते? गिऱ्हाईक देईल ती किंमत." अडला हरी गाढवाचे पाय धरतो ही म्हण आपण हरीची कीव करीत म्हणतो. गाढव होण्याची पाळी आपल्यावर येईल हे त्या वेळी लक्षात येत नाही.

हा वाद आमच्यापूर्वी दोन हजार वर्षे होऊन गेला आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एका धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेतो. ऱ्होड्समध्ये दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून हा आपले गलबत घेऊन आला आहे. मागून आणखी गलबते येत आहेत हे एकट्या त्यालाच ठाऊक आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगावयास लावतो तेवढे दोष सांगितले म्हणजे झाले. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. पुढचे उदाहरण तर घराचेच आहे: दोष ठाऊक असलेले घर विकावयास काढलेल्या माणसाचे. काकूंनी सिसेरो वाचला असण्याचा संभव नाही. पण ओल्या भिंतीपुढे उभ्या राहून त्या अँटिपेटरच्या बाजूने बोलल्या होत्या.

मग घेणाऱ्याचे काय? तेही तिथे आहे. स्केव्होला नावाच्या एका गृहस्थाला शेत घ्यावयाचे होते. त्याने विकणाऱ्याला एकदाच काय ती किंमत सांगावयास लावली, आणि ती सांगितल्यावर "माझ्या मते याची किंमत जास्त आहे" असे म्हणून वर एक लाख सेस्टर्स घातले. हे चांगल्या माणसाचे वागणे आहे हे लोक नाकारीत नाहीत, पण शहाण्याचे आहे असे काही म्हणत नाहीत, असे सिसेरो लिहितो. मी ही हकीकत पत्नीला वाचून दाखविली. ती म्हणाली, "त्याच्याकडे एक लाख होते."

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. औदार्याला ऐपत लागते. पण न्यायालाही ती लागत असेल, तर गरिबाने न्यायी व्हावे तरी कसे?

पुढे एकदा उत्सव चौकातून घरी येताना मला निराळेच सुचले. आपण उभे आहोत ती जमीन कोणीतरी केव्हातरी विकली होती का? या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतल्या 95 गावांची जमीन संपादन झाली. तिला भाव होता, पण तो भाव ऐकून "नाही देत" असे म्हणण्याची सोय शेतकऱ्याला नव्हती. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकरी उठले. 16 आणि 17 तारखेच्या गोळीबारांत पाच जण गेले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन त्यांना परत देण्याची योजना आली. काकूंची इमारत अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आहे. तेव्हा मला वाटू लागले की, किंमत जास्त की कमी, हा प्रश्न मागाहूनचा. आधीचा प्रश्न असा की, आपण जिला किंमत सांगतो तिला नकार देता येतो का? जिथे नकार संभवत नाही तिथे आकडा कितीही मोठा असला तरी ती बोली नव्हे, तो हुकूम. आणि 34 हा आकडा तर काकूंना नकार देता येणार नाही याच हिशेबावर बेतलेला होता.

भिंतीची गोष्ट वेगळी. त्यांनी ओल दाखविली ती आम्ही ती वजा करावी म्हणूनच. ते पैसे कापण्यात त्यांच्या खरेपणाचा गैरफायदा नाही. न कापणे हीच उलट एक प्रकारची मिजास झाली असती. घराचे उणे घराच्या किमतीतून जावे. पतपेढीची नोटीस ही काही घराची भिंत नव्हे.

पत्नीला हे पटले असे मी म्हणणार नाही. पण ती बँकेत नोकरी करते आणि हिशेब चुकलेला तिला खपत नाही, म्हणून तिनेच एका कागदावर आकडे मांडले. त्याच इमारतीतली तेवढीच जागा गेल्या वर्षी 43 लाखांना गेल्याची नोंद होती. भिंतीच्या दुरुस्तीचे गवंड्याने सांगितलेले 75 हजार वजा. म्हणजे 42 लाख 25 हजार. त्याखाली रेघ मारून तिने आमचे लिहिले: शिल्लक 10 लाख, कर्ज मिळेल ते 32 लाख, मुद्रांक, नोंदणी, सिडकोचे हस्तांतरण शुल्क, सोसायटी, दलाली मिळून साडेतीन लाख वजा. उरले 38 लाख 50 हजार.

तो कागद घेऊनच आम्ही काकूंकडे गेलो. मी म्हणालो, "काकू, आमच्या हिशेबाने घराची किंमत ही वरची आहे. आमच्याजवळ आहेत ते हे खालचे. पतपेढीचे आम्हाला कळले आहे. ते आम्ही यात धरलेले नाही. जास्त देणारे कोणी भेटले तर तुम्ही त्यांना द्या." पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. काकूंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारले, "पैसे केव्हा मिळतील?" बँकेचे कर्ज, सिडकोचा नाहरकत दाखला, सगळे धरून दोन महिने, असे मी सांगितले. त्यांनी चार दिवस मागितले. कागद त्यांच्याकडेच राहिला.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. दुसरे एक गिऱ्हाईक होते, कर्ज न काढणारे, पंधरा दिवसांत सगळी रक्कम चेकने देणारे. ते 35 वर अडून बसले होते. काकूंनी त्यांच्यापुढे आमचा कागद ठेवला. "बँकेतल्या बाईंच्या हातचा हिशेब आहे म्हटले. 38 वर आले बघा," त्या म्हणाल्या. "तुमचे पन्नास हजार जास्त होते, पण मला दोन महिने कुठले! राग मानू नका हं."

मी फोन ठेवून पत्नीला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे 34 म्हटले असते तरी जागा आपल्याला मिळाली नसतीच."

"नसतीच," मी म्हणालो. "त्यांना आपल्या आकड्यापेक्षा आपले दोन महिने महाग पडले."

"आणि माझा कागद?"

"तो फुकट गेला."

"तीन लाखांना गेला," ती म्हणाली, आणि घरमालकाला नव्या कराराविषयी फोन करावयास उठली.